फ्रिजबाबत पाचवी दुरुस्ती

क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना
६ फेब्रुवारी

प्रिय गस,

आपल्या फिरत्या घरांच्या मंडळाच्या फेब्रुवारीच्या वार्तापत्रात ‘माझ्या साडूचा फ्रिज कसा उडाला’ या मथळ्याखाली तू जो वृत्तांत छापून आणला आहेस, तो मी दोनदा वाचला. त्यात वस्तुस्थितीच्या पाच चुका आहेत. शुद्धलेखनाच्या अकरा वेगळ्या. त्या लाल शाईने दाखवून कात्रण सोबत जोडले आहे.

पहिली: फ्रिज ‘उडाला’ नाही. गॅसच्या ज्योतीवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नसतो, त्यामुळे आवाज करून मरण्याची सोय त्याला नाही. त्याने अमोनियाचा वास सोडला, मागच्या जाळीत पिवळी भुकटी टाकली आणि तो शांतपणे बंद पडला.

दुसरी: ही घटना १४ जानेवारीची नसून १३ जानेवारीची, सकाळी साडेसातची आहे. १४ तारखेस तू दिवसभर खड्यांच्या जत्रेत होतास आणि एक फुटका दगड विकत घेऊन आलास.

तिसरी: मी ‘आतल्या लांब चड्डीवर बाहेर धावलो’ नाही. अंगात झगा होता आणि मी चालत गेलो.

चौथी: लोणी कोल्ह्यांनी पळवले नाही. ते तू पावाला लावून संपवलेस. वर्ना साक्षीदार आहे.

पाचवी चूक सर्वांत गंभीर. तू लिहितोस: ‘गाडी कलती उभी होती म्हणून फ्रिज गेला, टेबलावर ठेवलेलं उकडलेलं अंडं आपोआप खिडकीकडे घरंगळत होतं. वय झालं की असं व्हायचंच.’ असला फ्रिज कलत्या जागी चालवला की आतला द्रव परत फिरत नाही, नळ्या जळतात आणि फ्रिज कायमचा जातो, हे मंडळातला कालचा सभासदही जाणतो. म्हणजे तू छापून सांगितलेस की ऑर्विल स्टेन्सलँडला स्वतःची गाडी सरळ उभी करता येत नाही. गाडी समपातळीत होती. अंडे हे मोजमापाचे साधन नव्हे.

हा प्रश्न केवळ माझ्या अब्रूचा नाही. तुझा वृत्तांत सॉल्वेगने वाचला. माझ्या कन्येचा निर्णय असा की ३१ मार्चपर्यंत गाडीत चालता फ्रिज नसेल आणि तो टिकेल याची तिला खात्री पटली नसेल, तर गाडी विकायची आणि मी डुलुथला तिच्या तळघरातल्या खोलीत राहायला जायचे. खोलीला रंग देऊन झाला आहे. रंग पिस्त्याचा आहे.

तरी पुढील अंकात पाचवी चूक दुरुस्त करावी. छापखानाही बदलावा, दुसऱ्या रकान्यातल्या ओळी मधोमध कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या झुकल्या आहेत. अडतीस वर्षे वर्तमानपत्राची मुद्रिते तपासली, पण असले काम मी एकदाही पुढे जाऊ दिले नाही.

तुझा,
ऑर्विल स्टेन्सलँड


फर्गस फॉल्स, मिनेसोटा
१३ फेब्रुवारी

साडूबुवा,

लाल कात्रण मिळालं. वर्नाने ते आमच्या फ्रिजवर चिकटवलंय. आमचा चालू आहे.

लोण्याचं कबूल. चड्डीचंही सोडून देतो, झगा तर झगा. पण ‘माझ्या साडूच्या फ्रिजने वास सोडला’ असा मथळा दिला असता तर तुमच्याशिवाय कोणी वाचलं असतं का, सांगा. अंड्याचं मात्र मागे घेत नाही. दोनदा ठेवलं, दोनदा घरंगळलं. तिसऱ्यांदा मी ते खाल्लं.

सॉल्वेगचं ऐकून वाईट वाटलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, देवाशप्पथ. ती मंडळाची सभासद आहे हेच विसरलो होतो. पण गाडी सरळ होती असं मी डोळ्यांनी पाहिलेलं नसताना कसं छापू? तुम्हीच म्हणता ना, पुरावा असल्याशिवाय छापू नये.

आता फ्रिजचं. सरळ घरातला मोठा घ्या. दोन दारांचा, बर्फ पाडणारा. बायकापोरं खूश, आइस्क्रीम राहतं. गॅसच्या त्या म्हाताऱ्या फ्रिजात आइस्क्रीमचं कायम सूप व्हायचं, तुम्ही ते काट्याने खाल्ल्यासारखं करायचात.

इथे उणे सव्वीस आहे. गाडी विकल्यापासून मी गॅरेजमध्ये जातो आणि रिकाम्या जागेत उभा राहतो. वर्ना विचारते, काय करतोस? मी म्हणतो, काही नाही.

आणि हो, वार्तापत्रातल्या ओळी सरळ आहेत. पट्टी लावून पाहिली.

तुमचा गस

ता. क. भावजी, बर्फाच्या पेटीत दूध किती दिवस टिकवताय? नुसत्या डब्यातल्या सार्डिन मासळीवर राहू नका. – वर्ना


क्वार्ट्झसाइट
२० फेब्रुवारी

प्रिय गस,

घरगुती फ्रिजविषयी तुझा सल्ला वाचून तुझ्या स्मरणशक्तीची काळजी वाटली. सहा वर्षांपूर्वी तू स्वतःच्या गाडीत तसलाच फ्रिज बसवलास. तो दारातून आत जाईना, म्हणून पुढची काच काढावी लागली. काच परत बसेपर्यंत तुम्ही दोघे चार दिवस ताडपत्रीमागे राहिलात. पुढे पहिल्याच वळणावर त्याचे दार उघडले आणि काकडीच्या लोणच्याची चार किलोंची बरणी वर्नाच्या मांडीवर आली. आणि या वाळवंटात, जिथे विजेची तार नाही, त्याने दोन दिवसांत सगळ्या बॅटऱ्या पिऊन टाकल्या. तेव्हा आइस्क्रीम तू पेल्यातून प्यालास.

माझ्यासमोर खरे पर्याय तीन आहेत. तसाच नवा गॅसचा फ्रिज. किंवा पेटी तीच ठेवून मागची थंडाव्याची नळ्यांची जोडणी तेवढी नवी. किंवा हल्ली सगळे घेतात तो गाडीच्या बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज. तो कसाही कलता उभा केला तरी चालतो म्हणतात. ज्याला गाडी सरळ उभी करता येत नाही, त्याच्यासाठी तो उत्तम असेल. मला त्याची गरज नाही.

म्हणून मी दुसऱ्या पर्यायाकडे वळलो आहे. इंडियानात श्री. फ्रीमन लॅम्ब्राइट नावाचे आमिश पंथातले कारागीर या जोडण्या हाताने बनवतात. त्यांच्या लोकांत घरात वीज घेत नाहीत, त्यामुळे गॅसचा फ्रिज त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. टेलिफोनही दुकानात नसल्याने ते पत्राने उत्तर देतात. माझ्या पत्राला पाचव्या दिवशी उत्तर लिहिले. स्वच्छ अक्षर, एकही चूक नाही. त्यांनी चार प्रश्न विचारले: फ्रिजचे वय किती, भुकटीचा रंग कोणता, ज्योत निळी होती की पिवळी, आणि आणखी एक. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी सविस्तर पाठवली आहेत.

फ्रिजच्या कोनाड्याची मापेही घेतली. वर साडेतेवीस इंच, मध्ये तेवीसच्या आत, खाली पुन्हा साडेतेवीस. कारखान्याने चौकट मधोमध आत दाबलेली वाकडी बसवली आहे. बावीस वर्षांत हे माझ्या लक्षात कसे आले नाही, याचे नवल वाटते.

पाचव्या दुरुस्तीचे काय झाले, ते कळव.

तुझा,
ऑर्विल


फर्गस फॉल्स
२६ फेब्रुवारी

साडूबुवा,

लोणच्याच्या बरणीची आठवण काढल्याबद्दल आभार. वर्ना ते विसरत आली होती.

कोनाड्याचं म्हणाल तर तो वाकडा नाही. मागच्या वेळी त्याची पट्टी निघाली होती, तेव्हा मीच ती ठोकली होती, आणि तुमच्या इन्गाताई माझ्या डोक्यावर उभं राहून सगळीकडून माप घेत होत्या. साडेतेवीस, साडेतेवीस, साडेतेवीस. तुम्ही तेव्हा बाहेर बसून माझ्या वाढदिवसाच्या कार्डातल्या चुका काढत होतात. लाकूड बावीस वर्षांत फुगेल हो, पण अर्धा इंच आत?

तुम्ही एका पत्रात एका भोकाची दोन मापं देताय. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर तुम्ही त्याला जगू दिलं नसतं.

दुरुस्तीचं संपादक म्हणतात, १५ एप्रिलपर्यंत मजकूर आला तर मे महिन्याच्या अंकात टाकू. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. लिहून पाठवा, तुमच्याच नावाने छापतो. मी सही करणार नाही.

गस

ता. क. भावजी, चौथा प्रश्न कोणता होता? – वर्ना


क्वार्ट्झसाइट
४ मार्च

प्रिय गस,

चौथा प्रश्न गौण होता.

श्री. लॅम्ब्राइट यांनी माल देण्यास नकार दिला आहे. पैसे आगाऊ देण्यास मी तयार होतो. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा कारागीर माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या पत्राची नक्कल जोडतो. त्यातले व्याकरण निर्दोष आहे, इतकेच मी म्हणेन.

ऑर्विल


(सोबतची नक्कल)
२७ फेब्रुवारी

श्री. स्टेन्सलँड यांस,

आपली तीन उत्तरे मिळाली. चौथे मिळाले नाही, म्हणून प्रश्न पुन्हा लिहितो. फ्रिजच्या तळावर पातळी दाखवणारी पाणसळ ठेवली, तेव्हा तिचा बुडबुडा कुठे होता, आणि तो कोणी पाहिला?

आपण लिहिता, गाडी समपातळीत होती. हे गाडीविषयी झाले. मी बुडबुड्याविषयी विचारले होते.

आपण भुकटीचे आणि ज्योतीचे जे वर्णन केले आहे, ते फार नीट आहे. त्यावरून सांगतो की नळ्या कलत्या जागी जळाल्या, आणि ते एका दिवसाचे काम नाही. मी दिलेली नवी जोडणीही तशीच जळेल. ती विकणे मला बरे वाटत नाही. आपल्याला बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज योग्य. मी तो बनवत नाही आणि आमच्या घरी वीज नसल्याने चालताना पाहिलेलाही नाही. पण तो कलण्याला जुमानत नाही असे ऐकतो.

एक विचारले नसताना लिहितो. माझे वडील याच दुकानात काम करत. शेवटची दोन वर्षे ते पाणसळीचा बुडबुडा बोटाने शोधत. आम्हा भावांना दिसत होते. आम्ही कोणी काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

आपला,
फ्रीमन लॅम्ब्राइट


फर्गस फॉल्स
१० मार्च

भावजी,

हे पत्र मी एकटी लिहितेय. गस गॅरेजमध्ये उभा आहे.

तुम्ही ती नक्कल पाठवलीत. नसती पाठवली तर आम्हाला काही कळलं नसतं, आणि तुम्ही चुकून काही पाठवणाऱ्यांतले नाही. म्हणून विचारतेय.

वार्तापत्रातल्या ओळी तुम्हाला झुकलेल्या दिसल्या. त्या सरळ आहेत. कोनाडा मधोमध दबलेला दिसला. तो सरळ आहे. जानेवारीत तुम्ही माझ्या कपाशेजारी कॉफी ओतलीत आणि म्हणालात, गसने टेबल हलवलं. गस बाहेर दगड धूत होता. सार्डिनच्या डब्यावरची तारीख मला वाचायला सांगितलीत, आणि मी वाचल्यावर माझा उच्चार सुधारलात. तेव्हा हसले मी. इथे आल्यावर हसू आलं नाही.

गाडी उभी करताना तुम्ही चाकाखाली फळ्या सरकवायचात आणि ताई आत फ्रिजमध्ये ती पिवळी पाणसळ ठेवून बुडबुडा बघायची. ‘मध्ये आला’ म्हणायची, मग तुम्ही गुडघे झटकून आत यायचात. तिच्यानंतर तीन वर्षं दोन्ही कामं तुम्हीच करताय. नोव्हेंबरमध्ये बुडबुडा कुठे होता, भावजी?

सॉल्वेगला मी आपणहून काही सांगणार नाही. पण तुम्ही गाडी सरळ होती असं छापायला लावलंत, तर सांगेन. आणि सांगताना रडेन, म्हणजे ती लगेच निघेल.

डोळे दाखवलेत का?

वर्ना


क्वार्ट्झसाइट
१६ मार्च

प्रिय वर्ना,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तू गसशी लग्न का केलेस, हे मला आजही उमगत नाही.

बुडबुडा कुठे होता, हे मला माहीत नाही. तो असायला हवा तिथे करड्या रंगाचा एक डाग होता. पाणसळ डावीकडे सरकवली की डागही तिच्याबरोबर सरके. मी पंधरा मिनिटे गुडघ्यांवर बसलो होतो. मग इन्गा जे म्हणत असे ते मीच मोठ्याने म्हणालो, आणि फ्रिज पेटवला.

त्याआधी ऑक्टोबरच्या अखेरीस, इकडे येताना, रस्त्याची मधली पिवळी रेघ मला जागोजाग वाकलेली दिसू लागली. मी त्या राज्याच्या रस्ते खात्याला खरमरीत पत्र लिहिले. त्यांनी आठवड्याच्या आत, वाटेतल्या माझ्या मुक्कामी, अत्यंत सौजन्याने कळवले की रेघ यंत्राने मारलेली असून सरळ आहे. मी ते पत्र खोटे मानून ठेवून दिले आणि पुढे गाडी चालवली. पाचशे मैल. वर्ना, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या. त्यांतली एकही या चुकीच्या जवळपास येत नाही. त्या रस्त्यावर मुले होती. ९ नोव्हेंबरपासून गाडीची किल्ली मी साखरेच्या डब्यात ठेवली आहे, आणि साखर खाणे सोडले आहे.

तुझे पत्र पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, शेजारच्या गाडीतल्या श्रीमती डेलफिन ओकीफ यांनी मला यूमाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. वाटेत त्या ताशी ऐंशी मैलांनी गाडी हाकत गात होत्या. डॉक्टरांनी चौकटींचा कागद दाखवला. मी सांगितले, आपल्या रेघा वाकड्या छापल्या आहेत. ते म्हणाले, असे पुष्कळ जण म्हणतात. उजवा डोळा मधोमध गेला आहे, तो परत येणार नाही. डाव्यात दर महिन्याला सुई घ्यावी लागेल. तो बहुधा आहे तिथे थांबेल. पहिली सुई कालच झाली. वाचता येते. गाडी चालवायची नाही.

मी लपवले ते एका सुईच्या भीतीने नव्हे. डोळे दाखवले की गाडी जाणार, आणि गाडीखेरीज इन्गाने ज्या घराचे पडदे शिवले असे घर मला उरलेले नाही. तळघरातल्या खोलीला पडद्यांची सोय नाही. तिथे खिडकी नाही.

श्रीमती ओकीफ यांनी कोनाडा मोजला. सर्वत्र साडेतेवीस. मी बॅटरीवरचा फ्रिज मागवला आहे. सॉल्वेगलाही सगळे लिहिले. हे पत्र आणि ते एकाच टपालाने निघतील. तिने काय ठरवावे, हे मी सुचवलेले नाही.

गसला हे पत्र वाचून दाखवलेस तरी चालेल. अंड्याचा भाग सावकाश वाच: ते बरोबर होते.

तुझा,
ऑर्विल


फर्गस फॉल्स
२२ मार्च

साडूबुवा,

वर्नाने पत्र वाचून दाखवलं. अंड्याचा भाग तीनदा वाचायला लावला. नंतर मी गॅरेजमध्ये गेलो, तिथे मला जरा वेळ लागला.

हे बघा. सॉल्वेगचा फोन येऊन गेला. आधी ती रडली, मग वर्ना रडली, मग मला फोन दिला. ती म्हणाली, काका, बाबांना गाडी चालवू देणार नाही. मी म्हटलं, चालवू नकोसच देऊ. मी चालवतो. माझ्याकडे गाडी नाही आणि त्यांच्याकडे डोळे नाहीत. दोघांत मिळून एक धड माणूस होतो. वर्ना धरली तर दोन. उन्हाळ्यात गाडी आमच्या अंगणात उभी राहील, तुमची सुई इथल्या दवाखान्यात, आणि थंडी पडली की तिघं खाली वाळवंटात. सॉल्वेगने सुईच्या तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाली, फ्रिज मात्र टिकणारा हवा. मी म्हटलं, तो उलटा टांगला तरी चालतो.

२८ तारखेच्या विमानाने आम्ही दोघं येतोय. फ्रिज बसवायला मी आहे, पैसे देऊन माणूस बोलवू नका.

दोन अटी. लाल पेन मागच्या कपाटात राहील. आणि वरच्या कप्प्यात आइस्क्रीम.

गस

ता. क. भावजी, साखर खायला लागा. किल्ली गसकडे द्या. – वर्ना


टुकमकेरी, न्यू मेक्सिको
१० एप्रिल

संपादक, फिरत्या घरांच्या मंडळाचे वार्तापत्र, यांस,

महोदय,

आपल्या फेब्रुवारीच्या अंकातील माझ्या साडूंच्या वृत्तांतात मी पाच चुका दाखवल्या होत्या. त्यांपैकी चार चुका कायम आहेत. पाचवी दुरुस्ती मी मागे घेतो. तिथे वृत्तांत बरोबर होता आणि मी चुकीचा होतो. आपल्या छापखान्याविषयी लिहिलेलेही मागे घेतो. वाचकांच्या माहितीसाठी तारखा खालीलप्रमाणे शुद्ध कराव्यात. मजकूर मी सांगितला आहे आणि श्रीमती वर्ना राडमाखर यांनी लिहून घेतला आहे.

२९ ऑक्टोबर: रस्त्यावरची रेघ वाकडी असल्याची तक्रार मी केली. रेघ सरळ होती. संबंधित खात्याची क्षमा मागितली आहे.

९ नोव्हेंबर: गाडी वाळवंटात उभी केली. बुडबुडा मध्ये असल्याचे मी जाहीर केले. तो मला दिसला नव्हता. फ्रिज त्या दिवसापासून कलता जळत होता.

१३ जानेवारी (१४ नव्हे): फ्रिज बंद पडला. त्याच सकाळी अंडे दोनदा घरंगळले.

१५ मार्च: डोळे दाखवले. हे २९ ऑक्टोबरनंतर लगेच करायला हवे होते. ज्या सभासदांना या अंकातल्या ओळी झुकलेल्या दिसत असतील, त्यांनी छापखान्याला लिहिण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

३० मार्च: नवा फ्रिज बसवला. श्री. गस राडमाखर यांच्या मते २९ मार्च. पण २९ तारखेस त्यांनी तो उलट्या बाजूने बसवला होता, ते धरता येणार नाही.

१० एप्रिल, आज: मुक्काम टुकमकेरी. गसने गाडी उभी केली आणि चाकाखाली फळ्या सरकवल्या. नव्या फ्रिजला त्याची गरज नाही, हे मी सांगितले. वर्नाने तरीही पिवळी पाणसळ काढून आइस्क्रीमशेजारी ठेवली, वाकून पाहिले आणि म्हणाली, ‘मध्ये आला.’

मी तपासले नाही.

आपला,
ऑर्विल स्टेन्सलँड